पडद्यावरची पोर जेवली का

गाढवानं डोळा मारला आणि अख्खं गोदाम हसलं. चितारलेलं गाढव ते. पांढऱ्या चादरीवर पडलेल्या उजेडात मान हलवत चाललं होतं, आणि मशीनशेजारी उभे असलेले मास्तर त्याच्या वतीनं रेकत होते. पुढं गावातली झाडून सगळी पोरं, त्यांच्यामागं बाया, आणि दाराशी 'आम्ही आपले सहज आलो' असा चेहरा करून उभी राहिलेली बाप्ये माणसं. हसायला मात्र सगळी एक झाली. त्या साली हसायचं निमित्त तसं कमीच मिळायचं.

साल दुष्काळाचं. बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलं होतं. आमचं गाव सोनईपासून दोन कोसांवर. शेतं भुंडी, विहिरी कोरड्या, आणि गाव सगळं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. सोसायटीच्या गोदामात दाणा नव्हता म्हणून तर सिनेमाला जागा मिळाली. नगरकडच्या एका ख्रिस्ती दवाखान्याची माणसं आइतवारी जीप घेऊन गावोगाव यायची, औषधपाणी करायची आणि पोरांसाठी त्यांच्या देवाच्या गोष्टींचा सिनेमा दाखवायची. माणसं, जनावरं, घरं, सगळं रंगानं काढलेलं आणि तरी चालतं-फिरतं. त्याला कार्टून म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही म्हणायचो हलती चित्रं. दिवसाउजेडी दाखवायचं म्हणून खिडक्यांना पोती ठोकली होती. आत इतकं उकडत होतं की विचारू नका. सिनेमातलं बोलणं इंग्रजी, म्हणून त्यांच्याबरोबर आलेले हे मास्तर मशीनचा आवाज बारीक करायचे आणि सगळ्यांची बोलणी स्वतःच बोलायचे. म्हाताऱ्याचं खोकत, बाईचं किनऱ्या आवाजात, गाढवाचं गाढवासारखं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, अंगात खाकी बुशशर्ट. भाषा मात्र आमचीच.

मी दहा वर्षांची. माझ्या एका बाजूला आत्या. वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहिलेली आणि घराची खरी मालकीण. दुसऱ्या बाजूला आई. आई येतच नव्हती. आत्यानंच तिला दंडाला धरून आणलं होतं, "चल, भिंतीकडं तोंड करून किती दीस बसशील?" म्हणून. दोन महिन्यांपूर्वी माझी धाकटी बहीण गोवरानं गेली होती. चार वर्षांची होती.

ते कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्याकडं घरात गोवर आला की देवी आली म्हणायचे. देवी घरात असेतोवर तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा नाही, फोडणी द्यायची नाही. तळणीचा वास सुटला तर ती कोपते. आणि धाकटीला हवं होतं धपाटं. ज्वारीच्या पिठात तिखट, मीठ, कांदा घालून थापायचं, तव्यावर तेल सोडून कडेनं कुरकुरीत होईस्तोवर भाजायचं, ते धपाटं. तीन दिवस तिनं तोच धोशा लावला होता. ताप उतरला की मागायची, चढला की बरळताना तेच. आई उठायला लागली की आत्या म्हणायची, "पोरीच्या जिवावर उठलीस का? आंगुळ घालू दे, मग कर किती करायची ती." आई परत खाली बसायची. "उद्या देते हं बाई," म्हणायची. आंघोळ घालून देवीला निरोप द्यायच्या आदल्या सकाळी धाकटी गेली. पातळ पेजेशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं.

आईनं कुणाला बोल लावला नाही, आत्यालासुद्धा नाही. नुसती गप्प झाली. माझे केस विंचरायची थांबली. डोक्यात उवा झाल्या तरी तिला दिसल्या नाहीत. मी समोर असून नसल्यासारखी. मला तेव्हा वाईट वाटायचं असं म्हणायला बरं वाटेल, पण खोटं कशाला सांगू? मला राग यायचा. चांगला सणसणून राग यायचा, आणि तो मेलेल्या धाकटीवर यायचा.

तर गोदामात काय झालं. त्या हसऱ्या गाढवावरून एक पागोटंवाला बाप उतरला आणि देवाच्या पायावर पडला. मास्तरांनी आवाज कापरा केला. "देवा, लवकर चला. माझी पोरगी लई आजारी हाय. एकुलती एक हाय." देव पांढऱ्या झग्यात, दाढीवाला, डोळ्यांनी मवाळ. निघाला खरा, पण वाटेत याला बरं कर, त्याचं ऐकून घे, असा रेंगाळत राहिला. बायांत चुळबुळ सुरू झाली. "आरं चल की बाबा लवकर!" मागून एक म्हातारी ओरडलीच. तेवढ्यात निरोप आला की पोरगी गेली, आता देवाला उगा कशाला चालवता. आईनं माझी मांडी घट्ट धरली. तिला ते कळलंही नसेल, पण मला तिची नखं रुतली. देव त्या घरी पोचला. बाया ऊर बडवत होत्या. पोर मेली नाही, झोपलीय, असं तो म्हणाला तर त्याच बाया त्याला हसल्या. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, आईबापांना तेवढं ठेवलं, आणि पोरीचा हात धरला. मास्तरांचा आवाज एकदम साधा झाला. "ऊठ बाळा."

पोर उठली. गाल लाल, केस काळेभोर, वय काही धड कळत नव्हतं. डोळे चोळत उठून बसली, कुठलीही पोर झोपेतून उठते तशी. देव तिच्या आईकडं वळला आणि मास्तर म्हणाले, "आता हिला काहीतरी खायला द्या."

आणि चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला. रीळ संपली होती. पोती काढली, ऊन आत आलं, पोरांना एकेक लिमलेटची गोळी मिळाली आणि सगळे पांगले.

घरी ज्याला त्याला आपापलं सुचलं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते दाराशी उभं राहून बघून आले होते. "चितारलंय झ्याक," म्हणाले, "गाढवाचं खूरसुदिक बरुबर काढल्यात." पोर उठली त्याविषयी चकार शब्द नाही. आत्यानं पोर उठते त्या ठिकाणी हात जोडलेले मी पाहिले होते. घरी आल्यावर तेच हात तिनं राखेनं धुतले आणि आमच्या देव्हाऱ्यापुढं एक ज्यादा नमस्कार घातला. "आज गोळ्या देत्यात, शिनिमा दावत्यात, उद्या गळ्यात क्रूस घालतील. आपल्याला नगं बाई त्यांचं काही." आमच्याही गावात ख्रिस्ती घरं होती, गावाच्या खालच्या अंगाला. त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं. मी अंगणभर गाढवासारखी रेकत फिरले आणि आत्याच्या शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं मला आपणहून हाक मारली, म्हणून मी पळत गेले.

"दिलं का गं तिला खायला?"

"कुणाला?"

"त्या पोरीला. मी डोळं पुसत हुते. मला दिसलं न्हाई."

"तिथंच संपला ना शिनिमा."

"म्हंजी कुणी दिलंच न्हाई?"

मी खांदे उडवले. मला काय माहीत! पण त्या आठवड्यात तिनं हे मला किती वेळा विचारलं असेल! पाण्याच्या रांगेत, खडीच्या ढिगापाशी, भाकरी थापताना. "तिची आई तिथंच उभी हुती न्हवं? तिनं दिलंच आसंल." मग, "पन दावायला नगं का? पोर एवढी दुखन्यातनं उठली." माझ्याशी ती दुसरं काही बोलतच नव्हती.

पुढच्या आइतवारी जीप शेजारच्या गावाला जाणार होती. त्या गावात आईची मावशी होती. तिला बघून येते म्हणून आईनं आत्याला सांगितलं आणि मला बरोबर घेतलं. वाटेत तिच्या पदराखालून तेलाचा वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन आमच्या जिभा चरबट झाल्या होत्या, आणि तेल तर घरात औषधासारखं वापरत होते.

"आई, धपाटं? मला दे की."

"तुला न्हाई ते."

"मग कुणाला?"

तिनं पदर नीट ओढून घेतला. "घरी सांगायचं न्हाई हं, माझी शपथ हाय," एवढंच म्हणाली. मावशीच्या घरावरून आम्ही तशाच पुढं गेलो आणि थेट शाळेच्या खोलीत शिरलो. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. मशीन घरघरत होतं.

तेच गाढव, तोच बाप. या वेळी मला हसू आलं नाही, कारण मी आईकडं बघत होते. पोर उठली. मास्तर म्हणाले, "आता हिला काहीतरी खायला द्या." आणि माझी आई उठून उभी राहिली. पोरांच्या मधून वाट काढत पुढं गेली. तिची काळी सावली अख्ख्या चादरीवर पडली, देव आणि पोर दोघंही झाकले गेले. तिनं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांवर ते धपाटं धरून चादरीसमोर उभी राहिली, देवाला निवद दाखवतात तशी.

आधी कुणाला कळलंच नाही. मग पोरं खिदळायला लागली. "ओ बाई, खाली बसा!" "येडी हाय का काय!" माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं. "तुझ्याबरुबर आलीया ना ती? तुझी आई का गं?" मी मान फिरवली. नाही म्हणाले नाही, पण हो पण म्हणाले नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं मला.

मास्तरांनी मशीन बंद केलं. पुढं आले. मला वाटलं, आता हे हिला बाहेर काढणार. त्यांनी आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कधी गेली, माय?"

"दोन म्हयनं झालं. उपाशी गेली." एवढं बोलून आई म्हणाली, "ही तरी जेवू द्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माय, ह्या गोष्टीची आनखी एक रीळ हाय. नगरला ऱ्हायलीय. तिच्यात ही पोर जेवती, मी बघितलंय. पुढच्या आइतवारी सोनईला आमी दावनार हाय. मी रीळ आनतो, तुमी या. सोताच्या डोळ्यानं बघा." आणि त्यांनी दोन्ही हात पुढं करून ते धपाटं घेतलं, फडक्यासकट.

येताना आई भराभर चालत होती. मला मागं पळावं लागत होतं. "जेवती म्हनाला ना गं तो? तूबी ऐकलंस ना?" तिचा चेहरा असा मोकळा मी त्या आधी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. पण मला एकच दिसत होतं, की हे सगळं माझ्यासाठी नाही.

दोन दिवस मी शपथ पाळली. तिसऱ्या दिवशी आत्यानं तेलाची बाटली उजेडात धरून पाहिली. "तेल कुठं गेलं?" आई पाण्याला गेली होती. आत्यानं माझा कान पिळला. "तूच चोरून धपाटी करून खाल्लीस. जीभ लई सुटलीया सटवीची!" आणि एक सणसणीत थोबाडीत. मी खाल्लं असतं तर गोष्ट वेगळी. मला तुकडासुद्धा मिळाला नव्हता! मी भडकले आणि सगळं ओकून टाकलं. धपाटं, सावली, हसणारी माणसं, मास्तरांचे पुढं आलेले हात, सोनईची रीळ, सगळं. एवढ्या लोकांनी पाहिलं होतं, कुणी ना कुणी येऊन सांगितलंच असतं, असं मी पुढं मनाला समजावत आले. पण सांगितलं मी.

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! त्याच्या हातात दिलंस? शिनिमाला निवद दावलास?" आई तेवढ्यात घागर घेऊन परत आली होती, ती दारातच उभी होती. कामावरून आलेल्या दादांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं. ते आईला बोलले नाहीत की हात उगारला नाही. तंबाखू मळत राहिले. शेवटी म्हणाले, "आइतवारी तू जायाचं न्हाई. मी जातो. बाईमानसाला खुळ्यागत नादी लावतो म्हंजी काय, त्या मास्तराला इचारतोच. पोरीला संगं नेतो, ती दावंल मला कोन त्यो."

आईनं घागर खाली ठेवली. "मी तेवढं बघून येते. परत कधी न्हाई जायाची." तिनं हे दादांच्या पायाशी बसून म्हटलं. दादा उठून बाहेर गेले.

आइतवारी सकाळी आईनं मला बोलावलं आणि पुढ्यात बसवलं. फणी घेतली. माझ्या डोक्याचा नुसता गुंता झाला होता. तो तिनं एकेक बट धरून सोडवला, उवा काढल्या, रॉकेलची बोटं लावली, घट्ट दोन वेण्या घातल्या. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. मग ती माझ्या कानाशी वाकली. "नीट बघ हं. काय खाती ते बघ. पोटभर खाती का बघ. आन मला येऊन सांग." म्हणजे वेण्या त्यासाठी होत्या. माझ्या पोटात जे गोड गोड झालं होतं ते सगळं नासलं.

दादांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. वाटभर ते मास्तरांना काय काय बोलायचं ते स्वतःशी म्हणत होते. सोनईत एका व्यापाऱ्याची वखार रिकामी पडली होती, तिथं सिनेमा होता. आम्ही पोचलो तेव्हा आत अंधार करून सुरू झालेला. दादा दाराशी थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "संपू दे," म्हणाले, "मग धरतो त्याला."

पहिली रीळ संपली. मास्तरांनी दुसरी चढवली. त्यांची नजर बायांमधून फिरत होती, कुणाला तरी शोधत असल्यासारखी. आणि मग ती पोर परत दिसली. चटईवर बसलेली. तिच्या आईनं तिच्यापुढं भाकरीसारखं काहीतरी आणि दुधाचं भांडं ठेवलं. पोरीनं भाकरी मोडली, पहिला तुकडा मांजराला टाकला, पोरं हसली. मग ती खायला लागली. दोन्ही हातांनी, भराभरा, गाल फुगवून, दुधाच्या मिशा आलेल्या. तिची आई नुसती बघत बसलेली. मास्तर काहीच बोलत नव्हते. त्या जागी त्यांनी कुणाचाच आवाज काढला नाही. माझ्या खांद्यावर दादांचा हात होता, तो इतका दाबला गेला की मला दुखलं. मी वर पाहिलं. दादा तोंड उघडं टाकून रडत होते. आवाज नव्हता.

सगळं आटोपल्यावर मास्तर आमच्याकडंच आले. मला ओळखलं त्यांनी. "माय न्हाई आल्या?"

दादा म्हणाले, "बरं न्हाई तिला." बस. कॉलर धरणार होते ते! मास्तरांनी एका कागदात आईचं फडकं घडी घालून आणलं होतं, ते दिलं. दादांनी घेऊन खिशात कोंबलं.

परतीच्या वाटेवर दादा एका निंबाखाली थांबले. "घरी काही सांगू नगं," म्हणाले. "म्हनावं, रीळ आलीच न्हाई. न्हाईतर ती दर आइतवारी त्या जीपमागं गावोगाव हिंडंल. लोक दगडं मारतील तिला." त्यांचा आवाज फुटत होता. दादा वाईट नव्हते. ते घाबरले होते. त्यांना ते दृश्य सोसलं नव्हतं, मग तिला कसं सोसेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्यावर मी राग धरलेला नाही. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की रीळ आली नाही म्हण.

आई उंबऱ्यातच होती. दादा सायकल लावायच्या निमित्तानं मागं गेले. तिनं ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "जेवली?"

नुसती मान हलवायची होती मी. दादा मागं होते, आत्या आत होती, कुणाला दिसलंही नसतं. एक मान हलवली असती तर! पण तिच्या डोळ्यांत त्या पोरीसाठी जे होतं ते मला दिसलं, आणि सकाळच्या वेण्या आठवल्या, आणि माझं टाळकं फिरलं. दादांनी सांगितलं होतं तेवढ्यावर मी थांबले नाही. मी म्हणाले, "न्हाई. दुसरी रीळच न्हाई. मास्तर खोटं बोलला. ती नुस्ती उठती, आन तिला कुणीच खायाला देत न्हाई."

आई "बरं" म्हणाली. आत गेली आणि पिठाच्या डब्याशी बराच वेळ काही न करता बसून राहिली. नंतर तिनं आम्हाला जेवायला वाढलं.

त्या दिवसानंतर तिनं त्या पोरीचं नाव काढलं नाही. हळूहळू ती माणसांत आली. पाऊसपाणी झालं, शेतं पिकली, मला पाठचा भाऊ झाला. माझ्या वेण्या ती रोज घालायची. धपाटीसुद्धा करायची, आणि तिच्या हातची धपाटी म्हणजे काय सांगू! पण स्वतः कधी तुकडा तोंडात घातला नाही, मरेपर्यंत. भावाला वाटायचं तिला आवडत नाहीत. मला कारण ठाऊक होतं आणि मी जेवत असायचे.

सांगायला मला चाळीस वर्षं लागली. वेळ मिळाला नाही असं नाही. धीर झाला नाही. तोवर आत्या गेली, मग दादाही गेले. आई माझ्याकडं नगरला राहायला आली. माझी नात टीव्हीवर देवांची कार्टून बघायची, बाळ देव, गोबऱ्या गालांचे. आई तिच्या शेजारी पलंगावर बसून बघायची. एकदा त्यातला बाळ देव लोण्यात हात घालून खात होता. आई हसली. "ह्यांचं देव बरं हायती, सारखं खात्यात," म्हणाली. "आमच्या येळंला नुसतं उठवायचं."

मी भाजी चिरत होते. विळी बाजूला ठेवली आणि तिच्यापाशी जाऊन बसले. "आई, सोनईला त्या दिवशी रीळ होती. ती पोर जेवली होती. भाकर खाल्ली, दूध प्याली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दादांनीपण बघितलं, रडले दादा. मी तुला खोटं सांगितलं होतं." मांजराचं सांगितलं, दुधाच्या मिशांचं सांगितलं, ती पोर दोन हातांनी कशी खात होती ते करून दाखवलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझे पांढरे झालेले केस कानामागं सारले.

"आसू दे गं बाई. आता कशाला माझं मन राखतीस?"

"मन नाही राखत आई! खरं सांगतेय. तुझी शपथ."

"शपथ नगं घालू. ल्हानपनी तू माझ्याशी कधी खोटं बोलली न्हाईस. तवा सांगितलंस तेच खरं."

त्यानंतर ती सात महिने होती. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझीच समजूत घालत असल्यासारखा.